झाकलेलं ताट

शहागड, मंगळवार, संध्याकाळ

इतिहासानं नोंद घ्यावी: आज सायकलची घंटी बंद पडली आणि एका म्हशीनं मला कोसभर आपल्या मागं चालवलं.

खानावळीतल्या मावशींनी विचारलं, "एकटेच हिंडून राह्यले सायकलवर? मालकीण कुठंय?"

"मागून बसनं येऊन राह्यली," मी ठोकून दिलं. सुमनला जाऊन वर्ष झालं, हे गरम भाकरीसमोर सांगवेना. का? कीव नको होती, बहुतेक.

मी जेवलो. मावशींनी तिचं ताट वाढून झाकलं आणि स्वतः उपाशी थांबल्या. "बाईमाणूस एकटी कशी जेवंल?"

दोन बस येऊन गेल्या. ताट तसंच झाकलेलं.

"मावशी, ती न्हाई येणार. वारली."

त्यांनी ताट उघडलं. "मंग मी एकटी जेवू का?"

पोट भरलेलं होतं. तरी हात धुऊन सुमनच्या ताटावर बसलो.