जावयाची मान

रूसे (बल्गेरिया), गुरुवार

प्रिय नेवेनाताई,

तुला धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे आधीच वाकलेला आहे). तुझे गुडघे कसे आहेत? बाळंतीण रालित्सा आणि बाळ खुशाल ना? मी बरा आहे. फक्त शनिवारच्या मैफलीत उघडं पडलेलं तोंड अजून मिटत नाही.

तू बजावलं होतंस, ‘गेंचो, जावयाला सांभाळ. नोकरी पक्की झाली नाही तर तो लेकीला नि नातवाला घेऊन माघारी ऑस्ट्रियाला, ग्राझला चालता होईल.’ सांभाळला गं, जिवापाड सांभाळला! आमच्या वाद्यवृंदाचे म्होरके मेतोदीबुवा वसंतात वारले, त्यांच्या जागी तुझ्या मात्तियासला चाचणीसाठी घेतलं. तो चेलो वाजवतो आणि वाजवता वाजवता आम्हा चौदा जणांना चालवतोही. तालमींच्या वेळी त्याचा चेलो दुरुस्तीला होता, म्हणून हातात छडी घेऊन उभा राहायचा आणि सगळं सुरळीत चालायचं. मैफलीला चेलो आला, दोन्ही हात त्यात अडकले. खुणावायला उरली ती मान, आणि मान पडली ग्राझची! आपण शहाणी माणसं ‘हो’ म्हणताना मान आडवी हलवतो, ‘नाही’ म्हणताना उभी. त्यांच्याकडे नेमकं उलट (संसार कसे टिकतात देव जाणे).

पहिल्या रांगेत नेमणूक ठरवणारी नगरपालिकेची समिती, शेजारी मेतोदीबुवांच्या पत्नी, आमच्या बाई. मंचावर बुवांचा फोटो, पुढे सहा शेवंत्या. मात्तियासने बोरिमिरकडे, म्हणजे आमच्या पहिल्या व्हायोलिनवाल्याकडे, बघून मान हलवली. का कोण जाणे, त्या दिवशी आपल्यासारखी आडवी. बोरिमिरने, का कोण जाणे, ती ग्राझची समजून गज खाली ठेवला. मात्तियासने घाबरून मान उभी हलवली. तोवर बोरिमिरला आठवलं की आपण रूसेत आहोत, त्याने गज उचललाच नाही. मग परत आडवी, परत उभी. बोरिमिरबरोबर आमचे सगळ्यांचे गज वर, खाली, वर. आवाज शून्य. अडीच मिनिटं, ताई! शपथेवर सांगतो, एवढा हादरा मला माझ्या लग्नातही बसला नव्हता. डोळ्यांपुढे तुझा नातू सुटकेसवर बसलेला दिसायला लागला.

आणि मेतोदीबुवांच्या बाई फोटोकडे बघत उठून उभ्या राहिल्या. मग समिती उठली, मग सगळं सभागृह. लोकांना वाटलं, आम्ही बुवांसाठी मौन पाळतोय! बाई रडायला लागल्या. मात्तियासला भीतीने रडू फुटलं, ते पाहून समितीचे अध्यक्ष रडले. शेवटी मीच कुणाला न विचारता व्हायोला वाजवायला लागलो (त्या रचनेची सुरुवात व्हायोलाने होत नाही, पण रडणाऱ्याला काय कळतं). बाकीचे धावत मागून आले.

मैफल संपल्यावर बाईंनी मात्तियासचे हात धरले. म्हणाल्या, “सगळे येऊन बोलून गेले रे बाळा. त्यांच्यासाठी गप्प कुणी बसलं नव्हतं.” मला खरंच हुंदका आला. अध्यक्ष म्हणाले, असा कार्यक्रम या गावात झाला नव्हता. वाजवण्याबद्दल काही बोलले नाहीत.

सोबत भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी आहे. रिकामी झाली की परत पाठव.

तुझा,
गेंचो

ता. क. मैफलीआधी मीच मात्तियासला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मान आपल्या पद्धतीने हलव. मग वाटलं, हा विसरेल. म्हणून बोरिमिरलाही सांगून ठेवलं, तो ग्राझचा आहे, उलट समज. दोघांनीही ऐकलं. जन्मात माझं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे ही शक्यता धरलीच नव्हती. रालित्साला यातलं बोलू नकोस.

आणखी ता. क. अध्यक्षांनाही थोडं सांगितलं होतं, की आमचा जावई आता पक्का इथला झालाय, मानसुद्धा आपल्यासारखीच हलवतो. मैफलीनंतर त्यांनी डोळे पुसत त्याला विचारलं, “कायमचे राहाल ना आमच्याकडे?” तो इतका भारावला होता की माझी शिकवण विसरला आणि मान उभी हलवली. तीनदा. अध्यक्ष मान खाली घालून निघून गेले. मात्तियास पाच दिवस नोकरी लागल्याच्या आनंदात मिठाई वाटतोय आणि सोमवारी समिती दुसरा माणूस नेमतेय. बोरिमिरने माझी दुहेरी शिकवण उघड केल्यापासून मला ना तो दारात उभं करतो, ना अध्यक्ष. म्हणून पत्र वर्नाच्या बसड्रायव्हरच्या हाती देतोय. वाचल्या वाचल्या रालित्साला त्याला फोन करायला लाव. म्हणावं, अध्यक्षांकडे जा आणि तोंडाने ‘हो’ म्हण. मान भिंतीला टेकवून.