ऐकण्याचा तास

२ एप्रिल, बुधवार
नवीन वही, नवीन पद. आजपासून मी मेडिसिन विभागाच्या 'समाजसहभाग, समता आणि नवोपक्रम' कक्षाचा प्रमुख. विभागप्रमुख म्हणाले, तुमच्याशिवाय दुसरं कोणी डोळ्यांसमोर आलंच नाही. (बाकीचे तिघे त्या मीटिंगला आलेच नव्हते, तो भाग वेगळा.) कक्षाला खोलीही मिळाली. चौथा मजला, जिन्याच्या टोकाला. पूर्वी इथे जुने एक्स-रे ठेवत. खिडकी आहे. उघडत नाही, पण आहे.
संकल्प: लोकांचं ऐकायचं. आपण कमी बोलायचं.

३ एप्रिल, सकाळी ६.१०
आजपासून रोज फिरायला जायचं होतं. त्याऐवजी फिरण्याचं वेळापत्रक आखलं. त्याच कागदाच्या मागे कल्पना सुचली: दर बुधवारी अकरा ते बारा 'ऐकण्याचा तास'. पेशंट, नातेवाईक, कोणीही यावं आणि मन मोकळं करावं. २८ मेला आढावा समिती बसणार. तिच्यापुढे समाजातल्या एका तरी माणसाने स्वतः उभं राहून बोलायला हवं, नाहीतर कक्ष बंद. एकच माणूस! मी पन्नास धरलेत. खुर्च्या मागवल्या.

६ एप्रिल, रविवार
मुलीकडे फोन केला. ही आंघोळीला गेली होती. गेल्या रविवारीही आंघोळीलाच गेली होती. तिकडे उकाडा फार असणार. ही नातवासाठी म्हणून सहा महिन्यांकरता गेली, त्याला आता दीड वर्ष झालं. जाताना कपाट पूर्ण रिकामं केलं, ते कपड्यांना कसर लागू नये म्हणून. पहिल्यापासून व्यवस्थित.
मुलीला कक्षाविषयी सविस्तर सांगितलं. चाळीस मिनिटं. मध्ये तिने विचारलं, बाबा, आणखी काही? मुलीला रस वाटतोय हे पाहून बरं वाटलं.

९ एप्रिल, बुधवार
पहिला तास. उपस्थिती शून्य. कारणं दोन. पाटी दाराच्या आतल्या बाजूला लागली होती. आणि लिफ्टवर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलंय. लिफ्टविरुद्ध कडक पत्र लिहिलं. कुणाकडे पाठवायचं म्हणून चौकशी केली, तर अशी पत्रं आता माझ्याच कक्षाकडे येतात म्हणे. आलं की बघतो.

१६ एप्रिल, बुधवार
समाज आला! ११.०५ वाजता.
एक बाई. साठीच्या आसपास, हातात निळी पिशवी, चार जिने चढून धाप लागलेली. विचारलं, जरा बसले तर चालेल का? म्हटलं, हवी तिथे बसा, पन्नास खुर्च्या आहेत. मग स्लाइड्स दाखवल्या. बावन्नच्या बावन्न. अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला त्यांना बोलायची संधी दिली. म्हणाल्या, आमचे हे खाली डायलिसिसला आहेत. चार तास मशीनवर असतात. बाहेर नातेवाइकांना बसायला काही नाही हो, भिंतीला टेकून पाय भरून येतात.
नोंद: विषयांतर. पण उत्साह दांडगा.
नाव मुद्दाम विचारलं नाही. गोपनीयता पाळली पाहिजे. वहीत 'समाज प्रतिनिधी क्र. १' असं लिहिलं.

२३ एप्रिल, बुधवार
क्र. १ पुन्हा आल्या. आज संत्रं आणलं होतं. सोलून अर्धं माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, जेवता ना वेळेवर? नोंद: समाजाला पोषण हा विषय जवळचा वाटतो. मग, घरी कोण असतं? सांगितलं, बायको सध्या मुलीकडे असते. सध्या म्हणजे कधीपासून? म्हटलं, आपण समतेच्या मुद्द्याकडे वळू या. वळलो. त्यांनी राहिलेलं अर्धंही मलाच दिलं.
बऱ्याच दिवसांनी कोणीतरी काहीतरी सोलून हातात दिलं. हे वाक्य अहवालात नको.

३० एप्रिल, दुपारी
विभागप्रमुख जिन्यात भेटले. किती लोक येतात, विचारलं. म्हटलं, येणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोक पुन्हा येतात. आकडा ऐकून खूश झाले आणि उतरून गेले. आणखी एक जिना चढले असते तर खोलीही दाखवली असती.

७ मे, बुधवार
समाधानाचा फॉर्म तयार केला. हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांचा. क्र. १ म्हणाल्या, चष्मा घरी राहिला, तुम्हीच भरा. भरला. सगळे चेहरे हसरे आले.
मग म्हणाल्या, ह्यांचं आज काही ठीक नाही. मशीनवर घेतलं की बीपी खाली जातं, प्रत्येक वेळी डॉक्टर निराळा, धड कोणी सांगत नाही. तुम्ही डॉक्टरच आहात ना, एकदा खाली येऊन बघता का? मी समजावलं की या खोलीत मी डॉक्टर म्हणून बसत नाही, श्रोता म्हणून बसतो. वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की पहिल्या स्लाइडवर टाकलं. त्या बराच वेळ त्या स्लाइडकडे बघत होत्या.

११ मे, रविवार
फोन. आज मुलगीही आंघोळीला गेली होती. जावईबापूंनी सांगितलं. त्यांच्याकडे बाथरूम दोन आहेत, म्हणजे शक्य आहे. जावईबापूंना नवोपक्रम समजावून सांगत होतो, तेवढ्यात लाइन कट झाली. परत लावला नाही. उगाच सकाळी सकाळी कशाला.
फिरायला जायचं राहिलं. भाजीवाल्याशी मात्र दहा मिनिटं बोललो. तो म्हणाला, साहेब, मागे गिऱ्हाईक आहे.

१४ मे, बुधवार
क्र. १ ना समितीपुढे बोलायची विनंती केली. म्हटलं, तुम्ही आलात तर कक्ष वाचेल. म्हणाल्या, बघते, ह्यांचं कसं असेल त्यावर. नोंद: होकार. आज दहा मिनिटांतच उठल्या. दारातून वळून म्हणाल्या, डॉक्टर, तुम्हीही मधूनमधून खाली उतरत जा. नोंद: व्यायामाविषयी जागरूकता.

२१ मे, बुधवार
क्र. १ आल्या नाहीत. भाषणाची तयारी करत असणार. या वेळी संत्री मी आणली होती, चार. एक वाजेपर्यंत थांबलो, न जाणो उशिरा येतील. एकही सोललं नाही. एकट्यासाठी सोलावंसं वाटत नाही.

२८ मे, बुधवार
समिती. अर्धा तास दारात उभा होतो. त्या आल्याच नाहीत. शेवटी त्यांच्या वतीने मीच बोललो. आपलं ऐकलं गेलं याचं समाजाला समाधान आहे, असं समाजातर्फे सांगितलं. हसऱ्या चेहऱ्यांचा फॉर्म फिरवला. टाळ्या! कक्षाला तीन वर्षांची मुदतवाढ. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली आणि विचारलं, त्या बाईंचं नाव काय, अहवालात छापू. म्हटलं, गोपनीयता.
ही बातमी सांगायला तीनदा फोन लावला. कोणी उचलला नाही. मग वहीत लिहिली. वहीत लिहून तितकासा आनंद होत नाही.

४ जून, बुधवार, ११.२०
आजही आल्या नाहीत. आभार मानायचे राहिलेत, शिवाय पुढच्या तीन वर्षांचं नियोजन. खाली उतरलो. डायलिसिसच्या दाराबाहेर चार माणसं भिंतीला टेकून उभी होती. मी बघत राहिलो तसा आतला तंत्रज्ञ बाहेर आला. त्याला वाटलं, मी ऑफिसातून खुर्च्यांची पाहणी करायला आलोय. मीही नाही म्हटलं नाही.
बुधवारच्या बाई, निळी पिशवी असायची, असं विचारलं. नाव मला सांगता आलं नाही. तो म्हणाला, मावशी होय? त्यांचे मिस्टर गेले. एकवीस तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास. मशीनवर असतानाच बीपी पडलं.
तो बोलत होता. मावशी मोठ्या मायाळू. वर चौथ्या मजल्यावर कोणी एक डॉक्टर रिकाम्या खुर्च्या मांडून एकटेच बसलेले असतात म्हणे. मावशी म्हणायच्या, त्यांना बोलायला माणूस नाही बिचाऱ्यांना. मिस्टरांचा डोळा लागला की त्या पायऱ्या चढून तासभर त्यांच्यापाशी जाऊन बसायच्या. गुडघे दुखायचे तरी. त्या दिवशी सगळं आवरून निघतानासुद्धा म्हणाल्या, आता त्यांच्याकडे कोण जाणार?
मग त्याने मला विचारलं, तुम्ही ओळखता का हो त्या डॉक्टरांना?
म्हटलं, फारशी ओळख नाही.