साखरा नावाचा गुडघा

लातूर, बजरंगच्या घरून
मार्गशीर्ष नुकता लागलाय

चि. सौ. साखराबाईस थोरल्या जावेचे पोटभरून आशीर्वाद. पत्र हातात घ्यायच्या आधी हात पदराला पूस, शाई पसरते. तुझी तब्येत बरी असावी, ग्यानोबा भावजींचा खोकला गेला असावा आन काळी म्हैस आटली नसावी, अशी आशा करते. इकडं आमी खुशाल हावोत. तुझे मोठे भावजी दिवसभर टीव्हीवर बातम्या बघून देशाची काळजी करून राहिलेत, म्हून घराची काळजी मला एकलीला करावी लागते. (फोन आसताना पत्र कामून, आसं तू म्हणशील. फोन केला की ग्यानोबा भावजी त्यो स्पीकरवर लावतात, मंग आपलं बोलणं वसरीवर बसलेले सगळे ऐकतात आन मधीमधी सल्ले देतात. तिसरी पास झाल्यापासून म्या येवढं लांब काई लिहिलं न्हवतं, पर पाय लांब करून बसलेल्या बाईला दुसरं काम तरी काय. केरबा सोयाबीन घेऊन आडतीवर आलाय, त्याच्या हाती हे देते. पाकीट भातानं चिकटवलंय. त्याचं इमान चांगलं हाय, पर वाट लांब हाय.)

आता आपरेशनचं सांगते. सारं गाव जीप करून मला बघायला आलं तवा म्या डोळे मिटून पडले व्हते, म्हून खरी हकीगत कुणालाच कळली न्हाई. (तू आली न्हाईस याचा राग न्हाई. म्हशीला कोण बघणार.) बाई, कमरेखाली भूल दिली आन वरची मी जागीच. मधी हिरवा पडदा धरलेला. पडद्याच्या पल्याड ठोकाठोकी सुरू झाली, जशी सुताराकडं तिफणीला पाचर मारतेत तशी. म्या डॉक्टरला म्हणलं, लेकरा, कुणाचं काम काढलंय. त्यो म्हणला, आजी, तुमचंच. मंग म्या रामाचं नाव घ्यायला लागले आन त्यो ठोकत राहिला, आमचं दोघांचं बरं जमलं. देव त्याला शंभर वर्सं देवो. दुसऱ्याच दिशी सकाळी त्यानं मला उभं केलं. म्या म्हणलं, आता कुठं उभी करतोस, कालच तर कापलंय. उभी राहिले आन बघते तर, ज्या दुखण्यानं मला चार वर्सं रडवलं त्ये गुडघ्यात नव्हतंच. टाक्याचं दुखत व्हतं, सूज व्हती, पर हाडावर हाड घासायचं त्ये जात्यावाणी दुखणं गेलं व्हतं. तिथंच मला रडू आलं. नर्स म्हणली, लई दुखतंय का. म्या म्हणलं, न्हाई दुखत म्हून.

मंग व्यायामाची पोरगी आली. महामाया तिचं नाव, धर्माबादकडची, हडकुळी आन आवाजानं हवालदार. पाय वाकवा, पाय सरळ करा, टाच गादीवरून घासत आणा. नवा पाय काई ऐकेना. गोड बोललं तर फुगायचा, रागावलं तर अजून फुगायचा, आन वाकायचं म्हणलं की जागच्या जागी आडून बसायचा. म्या म्हणलं, हे लक्षण तर वळखीचं हाय. तवापासून त्या पायाचं नाव म्या साखरा ठिवलं. (राग येऊ देऊ नको. डाव्याला, जुन्या पायाला, थोरली म्हणते, म्हंजे मीच.) दवाखान्यात सगळ्याला त्ये नाव पाठ झालं. महामाया खोलीत आली की आधी इचारायची, आजी, आज साखरा किती वाकली. डॉक्टर बी इचारायचा, साखराची सूज उतरली का. जिन्याचं तिनं शिकवलं तवा तर मला लई हसू आलं. चढताना जुना पाय म्होरं टाकायचा, उतरताना नवा. म्हंजे चढायला थोरली म्होरं, उतरायला धाकटी म्होरं, आन दोघीनी एकाच पायरीवर येऊन मंग म्होरची पायरी बघायची. आपण दोघी येवढ्या वर्सांत हे कधी शिकलो न्हाई, त्या पोरीनं दोन दिसांत शिकवलं.

भेटायला येणाऱ्यांचं बी सांगून टाकते. आलेल्या दर माणसाला गुडघा बघायचा व्हता. नागुबाई तर टाक्याच्या बाजूनं बोटानं टिचकी मारून कान लावून बसली, लोखंड वाजतंय का म्हून. काशाच्या वाटीवाणी वाजलं न्हाई म्हून तिचा इरस झाला, म्हणली, खरंच बसवलंय का नुसतंच शिवलंय. समद्यांनी बिस्किटाचे पुडे आणले आन पलंगावर माझ्या पायापाशीच बसले. येका शहाळ्यात नळी घालून सगळ्यांनी आळीपाळीनं पिलं, पेशंटला तेवढं राहिलं न्हाई. तरी बाई, आले याचंच समाधान. घरी बजरंगची बायको, आपली उज्वला सूनबाई, येवढ्या लोकांचा च्या करून करून बेजार झाली, पर तोंडातून शब्द काढला न्हाई. माझे पाय चेपताना (साखराला सोडून, तिला हात लावायची मनाई) म्हणली, आत्या, तुमी चालायला लागा, मंग मी झोपते. आसली सून मिळाली यात माझं काई कर्तुत्व न्हाई.

आता ज्याच्यासाठी येवढं पाल्हाळ लावलं त्ये. दवाखान्यात महामाया दर बाईला इचारायची, नव्या पायावर तुम्हाला काय करायचंय. माझ्या शेजारच्या पलंगावर उदगीरच्या धुरपताबाई व्हत्या, लई मोठ्या घरच्या, त्या म्हणल्या, नातवाच्या वरातीत नाचायचंय. मला इचारलं तवा म्या म्हणलं, येळवशीला आंबिलीची बिंदगी डोक्यावर घेऊन रानात जायचंय. त्या पोरीकडं येळवस न्हाई, म्हून तिला समजावून सांगितलं, की त्या आवसेला आमच्याकडं सारं गाव रानात जेवायला जातं, कडब्याची कोप करून आत पांडव म्हून पाच दगड मांडतेत, आन आमच्या घरात बिंदगीचा, म्हंजे आंबिलीच्या घागरीचा, मान थोरल्या सुनेचा, सासूबाईनं माझ्या डोक्यावर स्वता ठिवलेला. ती म्हणली, मंग आजी आधी मान सरळ करा, तुमी सारख्या पायाकडं बघून चालून राहिल्या. आता नवाकोरा पाय, त्याच्याकडं न्हाई बघायचं तर कुणाकडं बघायचं. पर मला येकदम आठवलं, डोक्यावर वजन आसलं की माणूस खाली बघतच न्हाई. ती पलीकडच्या खोलीत गेली तवा म्या टावेलाची चुंबळ केली, तांब्या भरून डोक्यावर ठिवला, दोन्ही हात वॉकर म्हणतेत त्या चौकटीवर, आन चालले. साखराबाई, मान अशी ताठ झाली की मलाच मी तरणी वाटले. पाण्याचा थेंब सांडला न्हाई.

हे बघून धुरपताबाईला राहवलं न्हाई. त्यांच्या वाड्यातच आड व्हता, पाणी भरायला गडी व्हते, त्यांनी जन्मात डोक्यावर घागर घेतलेली न्हाई, पर ईर्षा वाईट. त्यांच्या मागं अजून दोघी निघाल्या. आमी चौघी तांबे घेऊन वळीनं चाललो, जसं कुणाच्या घरी नवी वास्तू हाय, आन समोरून डॉक्टर आला. आता मोठा माणूस समोर आला की आपण काय करतो. धुरपताबाईनी सवयीनं एक हात सोडला आन डोक्यावर पदर घेतला. तांब्या पदरात आडकला, आन सारं पाणी डॉक्टरच्या बुटावर. महामाया पळत आली आन तिनं धुरपताबाईला कमरेला मिठी मारून धरलं म्हून बरं, न्हाई तर बिचारीची वरात तिथंच निघाली आसती. डॉक्टर लई तापला. त्याचं बरोबर व्हतं, बाई. पडलं की केलेलं समदं वाया, पुन्हा कापायची पाळी. म्या पुढं होऊन सांगितलं, पोरीला काई बोलू नको, ही अक्कल माझी. मंग त्यानं मला चालून दाखवा म्हणलं, बिनतांब्याचं. म्या डोक्यावर तांब्या हाय आसं धरून चालले. त्यो म्हणला, आसंच चाला, पर तांब्या घरी ठेवा. (ते दवाखान्यापुरतं, फरशी वली व्हते म्हून, आसं म्या समजले.)

तर आता म्या काठी घेऊन खालच्या किराणा दुकानापस्तोर जाऊन येते. दोन येळवशी माझ्या वाया गेल्या. तुमी सगळे रानात, तुझे मोठे भावजी पूजेला, गावात मी आन पारावरचा मारुती. येळवशीचं गाव तुला म्हाईत न्हाई, तू कधी मागं राहिली न्हाईस. कुत्री सुदिक माणसांच्या मागं रानात जातात. दाराच्या कड्या वाऱ्यानं वाजतात, त्येच बोलणं. (दोन्ही साली तू डोकं दुखतंय म्हून दुपारीच परत आलीस, म्हून तुझ्यासाठी च्या ठिवायला तरी मी उठले.) म्हून यंदा माझं ठरलंय. बिंदगी चिंचेनं घासून ठिव, चुंबळ माझी जुनी, माळवदाच्या खुंटीला हाय, ती काढ. दोन साल तू मान सांभाळलास, लई चांगला सांभाळलास, आता थोरलीचा थोरलीला दे. आंबील पातळ करू नको. भावजींना नमस्कार, लेकरांना गोड गोड पापे, म्हशीला माझ्या नावानं पेंड घाल.

तुझी थोरली जाऊ,
चतुराबाई

ता. क. पत्र लिहून झाल्यावर आज दवाखान्यात दाखवायला गेले व्हते. डोक्यावर वजन यंदा न्हाई म्हणला डॉक्टर, दोन्ही हातानं कान धरून इचारलं तरी न्हाई म्हणला. तवा वरचं खोडत बसत न्हाई, कागद घाण व्हतो. बिंदगी तुझ्याच डोक्यावर. मी काठी घेऊन तुझ्या बाजूनं चालंन, आन कुणी इचारलं तर सांग, थोरलीनं स्वता दिली. रस्त्यानं चालायची परवानगी हाय, म्या नीट इचारून घेतलंय.

आणखी एक. खरं काम हेच व्हतं, पर आधी लिहिलं आसतं तर तू पुढचं वाचलं नसतं. मला भुईवर बसायची मनाई हाय, मांडी बी न्हाई, उकिडवं बी न्हाई. म्हंजे रानात खुर्ची आली. आन आपली कोप येवढी बुटकी की खुर्चीवर बसलं की डोकं कडब्यात जातंय. तवा ग्यानोबा भावजींना सांगून यंदाची कोप हातभर उंच करून घे. ते म्हणतील, बानं ठरवलेलं कोपीचं माप मोडायचं न्हाई. आन म्हणतील, मोठ्या वैनी देवापेक्षा उंच बसणार का. त्यांना सांग, पांडवांच्या खाली बी चार दगड लावा, म्हंजे देव आन वैनी बरोबरीनं बसतील. तू सांगितलं की ऐकतात, मला फकस्त व्हय व्हय म्हणतात.

शेवटचं. दोन साल येळवशीला तुझं डोकं दुखलं, आन दोन्ही वेळा हातात येळवशीच्या गरम भज्जीचा डबा आन आंबिलीचा तांब्या घेऊनच दुखलं. म्या तवा काई बोलले न्हाई. यंदा मी तिथंच हाय. यंदा डोकं दुखू देऊ नको.