व्याह्यांचा नंबर

३ जून
पगार झाला. साडेनऊ हजार. मेहरूणची खोली अडीच, मेस अडीच, हप्ता एकेचाळीसशे. उरले चारशे. बी.ए. मानसशास्त्र, फर्स्ट क्लास. आबा सावद्याला केळीच्या काट्यावर वजनं लिहितात, त्यांनी माझ्या फीसाठी फायनान्सचं कर्ज काढलं. आता मी त्याच फायनान्ससाठी कर्ज थकवणाऱ्यांना फोन करते. सर मुलाखतीत म्हणाले होते, "मानसशास्त्र ना? म्हणजे माणूस कुठं दाबला की ओरडतो, हे कळत असेल." तेव्हा राग आला होता. पण तीन वर्षांत कुठल्याच मॅडमनी डिग्रीचा उपयोग इतका स्पष्ट सांगितला नव्हता.

९ जून
आज डोकं चाललं. कर्जाच्या फॉर्मवर ओळखीच्या दोघांचे नंबर लागतात. आपली माणसं तिथं हटकून व्याह्यांचा देतात. व्याही दुकानदार असला की आपलंही वजन वाढतं ना. म्हणजे ज्याच्यापुढे मान खाली जायला नको, त्याचाच नंबर स्वतःहून लिहून देतात, वेडे. सरांना म्हटलं, कर्जदाराला शिव्या कशाला, व्याह्यांशी गोड बोलू. वाक्यं लिहून दिली:
"नमस्कार नाना. पैशांसाठी नाही केला फोन. तुमचे व्याही फोन उचलत नाहीत, तब्येत बरी आहे ना त्यांची? काळजी वाटली." 'काळजी वाटली'च्या आधी क्षणभर थांबायचं, हेही लिहिलं.
पारोळ्याच्या एकावर करून पाहिलं. दीड तासात तीन हप्ते जमा. सरांनी सगळ्यांना कचोरी दिली.

२४ जून
वसुलीवरचे दोन हजार जास्तीचे मिळाले. माझी वाक्यं धुळ्याच्या ऑफिसलाही पाठवली म्हणे.
एम.ए.चे फॉर्म निघालेत. नुसत्या बी.ए.वर समुपदेशक म्हणून कुणी उभं करत नाही, हे आम्हाला निरोप समारंभात कळलं. एम.ए. झालं तर हे फोन सुटतील. फीचा पहिला टप्पा साडेदहा. म्हणजे दोन महिने हप्ता बंद. थकल्यावर साठ दिवस कुणी फोन करत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? आबांना सांगणार नाही. ते लगेच हो म्हणतील आणि उपाशी राहतील.

५ जुलै
सरांकडून पुढच्या पगारातली उचल घेऊन फी भरली. हप्ता नाही भरला. झोप छान लागली.

१८ जुलै
एरंडोलची एक बाई फोनवर रडली. माझ्या फोनमुळे तिची मुलगी सासरहून परत पाठवली. म्हटलं, ताई, मी फक्त तब्येत विचारली होती. खोटं नाही. दुपारी डबा पूर्ण खाल्ला. हे लिहून ठेवते, नंतर मला वाईट वाटलं होतं असं सांगायला नको.

११ ऑगस्ट
आबांचा फोन. माझी थोरली बहीण अक्का पिशवी घेऊन माहेरी, सावद्याला आली. धुळ्याहून कुणी बाईनं पिंपळनेरला तिच्या सासऱ्यांना, नानांना, फोन केला. नाना म्हणाले, आधी तुझ्या बापाचं निस्तर, मग ये.
आबा विचारत होते, "तुह्या शिक्षनाचा हप्ता तं जातो ना पोरी? मंग काहून फोन आला?"
म्हटलं, त्यांची चूक असेल.
पहिला विचार काय आला, तर ती बाई 'काळजी वाटली'च्या आधी थांबली होती का. किळस आली स्वतःची.
सरांना सहज विचारलं, साठ दिवसांचं काय झालं? "अगं, तुझ्या वाक्यांनी इतकी वसुली होते, साठ कशाला? आता तिसाव्या दिवशीच लावतो."
आबांचा कर्जाचा फॉर्म मीच भरला होता, बारावीनंतर. ते म्हणाले होते, नानांचा नंबर टाक, अक्षर चांगलं काढ.

१३ ऑगस्ट
कॉलेजात विचारलं. वीस तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर नऊ हजार परत. त्यात दोन्ही हप्ते जातात, अक्का घरी जाते. आणि मी त्याच खुर्चीवर, जन्मभर नाना-नाना करत. फॉर्म आणलाय. पर्समध्ये आहे.

१५ ऑगस्ट
सुट्टी. सावदा. आबा माझ्याकडे बघत नाहीत, की मीच बघत नाही. अक्का चुलीशी. सासरच्या सहा वर्षांत पक्की पिंपळनेरची झालीय, बोलणंसुद्धा अहिराणी. रडत नव्हती. म्हणाली, "ती बाई इतली गोड बोलनी का नानाबी तिले बेटा म्हने."
मी ताट पुढे ओढलं.
"तू त्याच कामात शे ना. तिन्हं नाव काढ."
कशाला, विचारलं.
"भांडानं नही. एकच इचारनं शे तिले. तुले बहीन शे का."
काढते म्हटलं. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, ज्वारी-उडदाच्या कळण्याची, मला आवडते म्हणून. खाल्ली.