मापाचं डोकं

दहिसर,
१२ जानेवारी २०२५

प्रिय रोझमेरी,

सप्रेम जयभीम. पाकीट बघून तू आधी चष्मा शोधला असशील आणि म्हणाली असशील, ह्या दर्शनाला वेड लागलं की काय! दिवसातून दोनदा फोन करते आणि आता पोस्टाचं तिकीट लावून पत्र? थांब जरा. मला हे कागदावरच हवं होतं. का ते शेवटी सांगते. ओट्यावर भेंडी निवडता निवडता वाचू नकोस, नीट बसून वाच.

अंधेरीच्या सेंटरमध्ये मी एमआरआय काढते हे तुला माहीत आहे. पण तीन वर्षांपासून तिथे माझं आणखी एक काम आहे, ते मी तुला कधी धड सांगितलं नाही. स्मृती जाण्याच्या आजारावर आमच्याकडे संशोधन चालू आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर अशा चार ठिकाणी पेशंटचा मेंदू मोजतात. आठवणी सांभाळणारा एक छोटासा भाग असतो, तो वर्षागणिक किती आक्रसतो ते बघतात. आता चार मशिनी म्हणजे चार तऱ्हा. एकीचं माप दुसरीशी जुळतं की नाही हे कळायचं कसं? त्यासाठी एकच धडधाकट माणूस दर तीन महिन्यांनी चारही मशिनींत जाऊन झोपतो. तो माणूस म्हणजे मी! वाण्याकडे किलोचं वजन असतं ना, तसं माझं डोकं. मला त्याचा केवढा माज होता म्हणून सांगू! आमच्या प्रमुख डॉक्टर गार्गी, त्यांनी एवढ्या लोकांतून माझं डोकं निवडलं, आणि तू मला दहावीपर्यंत बिनडोक म्हणत होतीस.

मागच्या वर्षी मुलुंडला माझं माप कमी आलं. मी तिथल्या सौरभला फोनवरच झापलं, तुझ्या मशिनीची वाट लागलीय, बघ जरा. बिचाऱ्याने इंजिनिअर बोलावला, सगळं तपासलं, काही सापडलं नाही. तेव्हा असं ठरलं, की मुलुंडच्या प्रत्येक मापात थोडी भर घालायची, म्हणजे माझा आकडा पूर्वीइतका येईल. तीन महिन्यांनी घाटकोपरला तेच झालं, मग बोरिवलीला. तिथेही भर घातली. वजनच झिजलं असेल असं एकाच्याही मनात आलं नाही, माझ्याही नाही. मुलुंडचं मशीन सगळ्यांत नवं, बारीक बघणारं, म्हणून त्याला आधी दिसलं एवढंच.

नोव्हेंबरात अंधेरीचाही आकडा उतरला. ते माझं मशीन, रोझ. रोज सकाळी त्यात पाण्याने भरलेला एक गोळा ठेवून मी स्वतः त्याची तपासणी करते. गोळ्याचं माप तसूभर हललं नव्हतं. मग बाकी तिघांकडून त्यांच्या गोळ्यांच्या नोंदी मागवल्या. चारही गोळे तीन वर्षं जसेच्या तसे. बदलली होती ती मीच. त्या दिवशी दुपारचा डबा मी न उघडताच घरी आणला.

त्यानंतर चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही, हे लिहायला मला लाज वाटते. कारण घातलेली भर फक्त माझ्यात नव्हती, त्या तिन्ही ठिकाणच्या सगळ्या पेशंटांत होती. कुणाचा मेंदू खरंच आक्रसत होता आणि आमच्या कागदावर तो ठणठणीत दिसत होता. पाचव्या दिवशी गार्गी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. शहाण्णव जणांचे आकडे पुन्हा मांडले. माझ्या बाकीच्या तपासण्या झाल्या. एका मापावरून आजार ठरत नाही म्हणाले, स्मरणशक्तीची चाचणी काठावर आहे, दोन वर्षं लक्ष ठेवायचं. मी मान डोलावली. पण तुझ्यापाशी काय लपवायचं, मला फार भीती वाटते गं.

आणि आता घरात बघते तर इथेही भर घालणं चालू आहे. मी गॅस चालू ठेवून उठते, आमचे सहदेव गुपचूप बंद करतात, चकार शब्द काढत नाहीत. सम्यक म्हणतो, आई, तुझी दगदग होते, बाकी काही नाही. त्यांच्यावर रागावू कशी? आईच्या वेळी मी हेच केलं. ती मला मावशीच्या नावाने हाक मारायची आणि मी मावशी होऊन ओ द्यायचे. वय झालं म्हणत म्हणत आम्ही तिची तीन वर्षं घालवली.

म्हणून हे काम तुझं. तुला शाळेत नुकती नोकरी लागली होती, तेव्हा माझी लग्नपत्रिकासुद्धा तू लाल पेनाने तपासून परत पाठवली होतीस. सासूबाई तुझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. तसंच हे पत्र तपास. कुणाला न विचारता, फोनमध्ये न बघता, एका बैठकीत लिहिलंय. हे माझं पहिलं माप. कपाटात जपून ठेव. दर तीन महिन्यांनी एक पाठवीन, ते ह्याच्या शेजारी ठेवून वाच. सांगता सांगता गोष्ट सुटली, तेच दोनदा आलं, अक्षर भरकटलं, तर लाल गोल कर आणि मला तोंडावर सांग. पत्र आलंच नाही, तर पोस्टाला शिव्या देऊ नकोस. दमली असेल, घाईत असेल, असं म्हणून तू तरी माझ्यात भर घालू नकोस, रोझ.

तुझीच, आजच्या मापाची,
दर्शना