शिळ्या पाण्याचा स्वयंपाक

अव्वा, आज तुझ्या तिथीला कावळा शिवला नाही. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवून आम्ही तिघं उन्हात ताटकळत उभे होतो. भात वाळून खडखडीत झाला, वड्यांना मुंग्या लागल्या, आणि शेवटी तुझ्या सुनेनं माझ्याकडे बघितलं. दोष कुणाचा, हे तिनं सकाळीच ठरवलं होतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं हे एक, आणि लिहिण्यासारखं भांडण आपल्यात उरलंय असं वाटलं नव्हतं हे दुसरं. ते उरलंय हे मला आज कळलं.

सकाळपासून सांगते. आज पहाटेच नळ आला. आपल्या भागात अजून चार-पाच दिवसांनीच पाणी सुटतं, त्यात काडीचा फरक पडलेला नाही. आणि नळ फुसफुसायला लागला की गल्लीतल्या बायका घरातलं उरलेलं पाणी गटारीत ओततात, कारण ते शिळं झालं, यातही फरक नाही. धाकटा भाऊ बायकोला घेऊन कालच अकलूजहून आला होता. ती पदर खोचून न्हाणीत गेली आणि पाण्याचं टिपाड आडवं करायला लागली. अर्धं भरलेलं होतं. मी तिचा हात धरला. "वन्सं, सोडा की," ती म्हणाली, "अव्वांच्या तिथीला शिळ्या पाण्याचा सैपाक करता व्हय?" मी म्हटलं, "व्हय. हे संपलं की ताजं." त्याच पाण्यात मी डाळ शिजवली, त्याच पाण्यात तांदूळ धुतले, आणि तांदळाचं धुवण कढीपत्त्याला घातलं. ती तोंड फिरवून पुरण वाटत बसली.

तुझी बाजू मला माहीत नाही असं समजू नकोस. वळसंगात तू पोर होतीस तेव्हा डोक्यावर चुंबळ ठेवून विहिरीवर जायचीस, आणि उन्हाळ्यात तळाचं गढूळ पाणी फडक्यातून गाळून तेच तीन-तीन दिवस पुरवायचीस. लग्न होऊन सोलापुरात आलीस तर दारात नळ. मला अजून दिसतंय ते. नळ आलाय, तू सगळ्या घागरी, कळशा बाहेर काढल्या आहेस, चिंच लावून घासते आहेस, आणि कालपर्यंतचं पाणी गल्लीभर ओतते आहेस. घरी पाहुणे यावेत असं तोंड असायचं तुझं त्या दिवशी. मी शाळेतून येऊन एक बादली उचलून अंगणातल्या कडुलिंबाला घालायला निघाले, तर तू ती हातातून हिसकून घेतलीस आणि गल्लीत रिकामी केलीस. "वाचवून ठिवाया आपण काय आता वळसंगात हाय का? माझ्या लेकरांनी शिळं पाणी का म्हणून बघावं?" तुझ्यासाठी ते पाणी नव्हतंच, तुझे सुखाचे दिवस आले होते. ते मला कळतं. तरीही तू चुकत होतीस.

कारण मला सांग, धरणात तेच पाणी महिनोन्‌महिने पडून असतं, तिथं ते शिळं होत नाही आणि माझ्या टिपाडात चार दिवसांत कसं होतं? झाकण घट्ट आहे, तुझी तांब्याची घागर मी रोज घासते, आजवर माझं पोट बिघडलेलं नाही. गल्लीत मला चिंगूस म्हणतात, खुशाल म्हणू देत. जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून भाजी आणते, दह्याला घरचा डबा नेते, भाजीची देठं-सालं फुटक्या माठात कुजवून कुंड्यांना घालते. काल धाकटा तो माठ बघून म्हणाला, "अक्का, पेन्शन हाय की तुला. गरिबावानी का राहायलीस?" मी त्याला सांगितलं, गरिबाला पर्याय नसतो, मला आहे आणि मी हाच घेतलाय. तुलाही तेच सांगते. मी तुझी गरिबी उकरून काढत नाहीये, अव्वा. तुझ्या डोक्यावरचं पाणी मी गटारीत ओतणार नाही, एवढंच.

तर गच्चीवर कावळा येईना. तुझी सून म्हणाली, "शब्द द्या, वन्सं. म्हणा, आजपासनं घरात शिळं पाणी ठेवणार न्हाय. मग बगा, येतोय का न्हाय." धाकटाही मान डोलावून म्हणाला, "म्हण की अक्का, अव्वाचा जीव अडकलाय." मला असा राग आला. "कावळा बसायचा कुटं?" मी त्याला विचारलं. "अंगणातला लिंब तू तोडलास, गाडी लावाया. आता तुझ्या गाडीच्या टपावर बसंल का तो?" लिंब गेल्यापासून गल्लीत कावळा मी पाहिलेलाच नाही, आणि तेही कुणाला आठवलं नाही. शेवटी पान खाली नेऊन गाईला दिलं. शब्द मी दिला नाही.

दुपारी ती दोघं गेली. मागच्या दारी मी लिंबाचं रोप लावलंय, अजून गुडघ्याएवढंच आहे. टिपाडाच्या तळाचं पाणी त्याला घातलं आणि हे लिहायला बसले. हा कागद कुठे टाकायचा नाही, पिठाच्या डब्याखाली राहील. पण एक सांगते, ते धाकट्याला सांगायचं नाही. तुझी सून "शब्द द्या" म्हणाली तेव्हा माझं तोंड उघडलं होतं. तू उपाशी जाशील म्हणून. तिनं आणखी एकदा म्हटलं असतं, तर मी शब्द दिला असता. तेव्हा पुढच्या वर्षी एवढा वेळ लावू नकोस. रोप मोठं होईपर्यंत कठड्यावर बस, पण ये.