लांब नावाची समिती आणि आपली टिटवी

ती. सासूबाईंना,

साष्टांग नमस्कार. (मांडीवर टिटवी झोपलीय, वाकता येत नाही, तेव्हा नमस्कार बसल्या बसल्याच घ्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? मामंजींचा खोकला? पत्र तेच वाचून दाखवत असतील तर त्यांनाही नमस्कार, आणि एक विनंती, कंसातलं मनात वाचावं. खरं तर फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही, मग मी हो हो करत बसते आणि फोन ठेवल्यावर कळतं की कशाला हो म्हटलं. परवा तसंच झालं. ह्यांनी ट्रक घेऊन निघता निघता तुम्हाला सांगून टाकलं की पोरगी बादल्यांमध्ये वाढतेय. तुम्ही म्हणालात, रविवारी येते आणि तिला घेऊन जाते, चालायला लागेपर्यंत माझ्याकडेच राहील. आणि मी हो म्हटलं. सासूबाई, ते हो धरू नका. तोंडातून निघालं, मनात नव्हतं. तेव्हापासून मला घास उतरत नाही. म्हणून जे झालं ते पहिल्यापासून सगळं लिहिते, म्हणजे तुमची खात्री पटेल की पोरगी सुखात आहे आणि तुम्ही धावपळ करून यायची काही गरज नाही.

तर बादल्यांचं. बादल्यांमध्ये नाही, बादल्यांशेजारी. झालं असं, की टिटवीला सांभाळणारी शेजारीण लेकीच्या बाळंतपणाला गेली. आठवडाभर म्हणून गेली आणि लेकीला जुळी झाली, आता ती कसली येते. कॉलेजात साफसफाईला लागून मला अजून वर्ष नाही. रजा मागायची तर मुकादमाकडे, आणि मुकादमाचा चेहरा कायम असा, की त्याने आत्ताच पुसलेल्या फरशीवरून कोणीतरी चिखलाच्या पायांनी गेलंय. मग मी काय केलं, आमची बादल्यांची गाडी असते ना, चार चाकांची, वर बादल्या नि फडकी, खाली मोठा कप्पा, त्या कप्प्यात गोधडी अंथरली आणि टिटवीला ठेवलं. (कप्पा आधी गरम पाण्याने धुतला. साबण लावून. परत धुतला.) सकाळी गाडी ढकलत आत शिरायचं, जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत लावायची, तळमजला पुसायचा, मधेमधे येऊन पाजायचं. तुम्हाला खोटं वाटेल, पण घरी मान टाकायला तयार नसलेली पोरगी तिथे झाडू नि फिनेलच्या डब्यांच्या पहाऱ्यात ढाराढूर झोपायची. मीच झोपत नव्हते. डोळा लागला की दिसायचं, कोणीतरी दार उघडलंय, आणि गाडी रिकामी आहे.

दारावर दरवानकाका असतात. पहिल्याच दिवशी टिटवीने नेमकी दारातच कुरकुर केली. काका म्हणाले, गाडी वाजतेय गं तुझी. मी म्हटलं, चाकाला तेल नाही काका. दुसऱ्या दिवशी बघते तर काका तेलाची बुधली घेऊन उभे. एवढा म्हातारा माणूस, कंबर धरून खाली बसला आणि चारी चाकांना तेल घालत बसला, आणि मी वर उभी, काळीज तोंडात. शेवटच्या चाकाला आले आणि टिटवीने जो सूर लावला, तो लावला. काका उठले, हात पुसले, म्हणाले, "हिला तेलाने भागायचं नाही, दूध पाज." बस, एवढंच. तेव्हापासून मुकादम तिकडून येताना दिसला की काका मोठ्याने खोकतात. (मामंजी, तुमच्यासारखाच, पण त्यांचा खोटा असतो.)

असं सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात, गेल्या महिन्यात, मुकादमाने सांगितलं, गुरुवारी तुला समितीने बोलावलंय, वर, मोठ्या खोलीत. माझ्या हातातलं पुसणं गळून पडलं. तुम्ही म्हणाल त्यात काय, पण आमच्यात समिती म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. आम्हा कामवाल्यांना समिती एकदाच बोलावते. पंपवाल्याला बोलावलं, तो परत पंपावर दिसला नाही. माझ्या आधीच्या बाईला बोलावलं, म्हणून तर तिच्या जागी मी लागले. तेव्हा कोणती समिती, कशाची समिती, असलं आमच्यात कोणी विचारत नाही. तरी मी मुकादमाला धीर करून विचारलं, तर तो म्हणाला, नाव फार लांब होतं, अर्ध्यातच मला फोन आला. (नाव मागाहून कळलं. विविधता, समता आणि समावेशकता समिती. म्हणजे कॉलेजात कोणीही माणूस बाहेर राहू नये हे बघायची समिती. ती दार लावून बसते.)

मग बायकांनी मला तयार केलं. स्वयंपाकघरातली म्हणाली, काहीही विचारलं तरी अडचण नाही म्हण, अडचणवाली माणसं कोणाला नको असतात. झाडलोटवाली म्हणाली, पोर आहे हेच कबूल करू नको, पोरच नाही तर आणलं कुठून? बागेतली म्हणाली, रड. मी विचारलं, रडायचं कधी? तर म्हणे ते आपोआप कळतं.

गुरुवारी जिन्याखालच्या खोलीत जाते तर आत सुतार, हातात फीत, भिंती मोजतोय. टिटवीला ठेवायचं कुठे? गाडी तशीच ढकलत लिफ्टपाशी नेली. लिफ्ट बंद. तिच्यावर बंद असल्याची पाटी इतकी जुनी, की पोरांनी तिच्यावर खोली भाड्याने हवीच्या चिठ्ठ्या डकवल्यात. तिथे हिशेबाच्या बाई बसल्या होत्या. त्या मुलांना आकड्यांचं काहीतरी शिकवतात, चाकांच्या खुर्चीत असतात, आणि जीभ अशी की भलेभले भिंतीकडेने जातात. त्याही त्याच समितीत आहेत. पण समिती वर भरते आणि लिफ्ट चालत नाही, म्हणून दर बैठकीला त्या खाली बसतात आणि आपलं मत कोणाबरोबर तरी वर पाठवतात, ते पोचेपर्यंत वरचा चहा झालेला असतो. मला म्हणाल्या, "गाडीत काय आहे?" मी म्हटलं, फडकी. "फडक्याने आत्ता जांभई दिली." मी गाडी मागे ओढली. तर त्यांनी हात पुढे केले. "दे इकडे. मला वर जाता येत नाही, हिला वर नेता येत नाही. आमचं दोघींचं जमेल." आणि टिटवी, जी ह्यांच्याकडेसुद्धा धड जात नाही, ती गेली. चष्म्याला हात घालून बसली.

वर गेले. लांब टेबल, भोवती माणसं, मधे बिस्किटांची बशी, आणि समितीच्या मुख्य बाई, पिकल्या केसांच्या, गोड आवाजाच्या. गोड आवाजाची मला जास्तच भीती वाटते. म्हणाल्या, बसा, घाबरू नका, तुमच्या अडचणी सांगा. मी म्हटलं, अडचण नाही. कामाच्या वेळा? अडचण नाही. कपडे बदलायला जागा? (नाहीये. तरी अडचण नाही.) सगळ्यांना सारखं वागवतात का? मी म्हटलं, हो, अगदी सारखं, आमच्यातल्या कोणाकडेच कोणी बघत नाही. एकाने ते भराभरा लिहून घेतलं. मग बाईंनी विचारलं, "मुलंबाळं?" आणि सासूबाई, मी नाही म्हटलं. खाली जिवंत पोर आणि मी वर बसून नाही म्हटलं. म्हटल्याक्षणी वाटलं, रडायची वेळ आपोआप कळते म्हणतात ती हीच असावी. पण रडायचं राहूनच गेलं, कारण खालून टिटवी रडली. जिन्यातून आवाज असा चढत आला की टेबलावरच्या पेल्यांतलं पाणी हललं. सगळे म्हणाले, हे काय? मी म्हटलं, पंप. आणि तेवढ्यात (मामंजी, इथून पुढचं पत्र जरा सासूबाईंच्या हातात द्या, त्यांना अक्षर लागेल तेवढं लागू दे) मला पान्हा फुटला. गणवेशाच्या निळ्या कपड्यावर दोन्हीकडे ओले डाग, वाढत चाललेले. तोंडाने काहीही बोललं तरी अंग खोटं बोलत नाही, ते भर समितीत खरं बोलून मोकळं झालं. मी हाताची घडी घातली. मुख्य बाईंनी बघितलं. टेबलावरची जाडजूड फाईल उचलली आणि माझ्या हातात दिली, छातीशी धरायला. समितीच्या फाईलचा तो पहिला उपयोग असावा. मग म्हणाल्या, "पंपाकडे जाऊ या आपण."

आणि अख्खी समिती जिना उतरली. खाली हिशेबाच्या बाई, मांडीवर लालबुंद टिटवी, चष्मा तिच्या मुठीत. समितीला बघून म्हणाल्या, "आलात? मला वाटलं आणखी दोन वर्षं लागतील." सगळ्यांनी मान खाली घातली आणि मग एकेक करून सगळेच हसायला लागले. मी सामानाच्या खोलीत जाऊन पोरीला पाजलं, सुतार बिचारा फीत टाकून बाहेर गेला, आणि समितीची बैठक जिन्याच्या पायथ्याशी झाली, कोणी पायरीवर, कोणी माझ्या उलट्या बादलीवर. तेव्हा कळलं की सुतार भिंती का मोजत होता. समितीचं आधीच ठरलं होतं, कॉलेजातल्या बायांच्या पोरांसाठी एक खोली करायची, आणि तळमजल्यावर रिकामी अशी तीच सापडली. म्हणजे माझी पोर जिथे लपून राहत होती तीच खोली ते पोरांसाठी मोकळी करत होते, आणि मला बोलावलं होतं ते खोलीत काय काय हवं ते विचारायला. आवाज ऐकून आलेला मुकादम म्हणाला, आज ही आणेल, उद्या सगळ्या आणतील. हिशेबाच्या बाई म्हणाल्या, त्यासाठीच मोजतोय. मग मला समितीत घेतलं. झाडू कुठे ठेवायचे हा प्रश्न राहिला, त्यासाठी वेगळी समिती नेमणार आहेत.

पुढे दोन दिवसांनी मुकादम माझ्याजवळ येऊन उभा राहिला, इकडे तिकडे बघितलं, म्हणाला, "त्या खोलीत म्हातारं माणूस चालेल का?" त्याची आई आता सगळं विसरते म्हणे, रोज बाहेरून कडी लावून येतो. मी म्हटलं, विचारते समितीला. आता तो माझ्याकडे बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची फरशी वाळलेली वाटते.

तेव्हा सगळं असं ठीकठाक आहे. काळजी नसावी. तुमचा प्रवास नको, तुमचे हाल नकोत. मामंजींना काढा द्या.

तुमची सून

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात खोली झाली. पाळणा आहे, पडदा आहे, हात धुवायला नळ आहे, भिंतीवर बदक काढलंय. कोणीही बाहेर राहू नये म्हणून दारही रुंद केलं. समिती एकच गोष्ट विसरली, आत बसणार कोण. आम्ही सगळ्याजणी कामावर, आणि पोरं काय बदक सांभाळणार?

ता. क. दुसरा. कालच्या बैठकीत हाच प्रश्न निघाला. मी समितीत पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हटलं, माझ्या सासूबाई येतायत रविवारी, सोमवारपासून बसतील. मुख्य बाई म्हणाल्या, काम म्हणून रीतसर नेमू. ते लिहून घेतलंय, आणि हिशेबाच्या बाई म्हणतात एकदा लिहिलं की समितीत खोडता येत नाही. खोली तळमजल्यावर आहे, एक पायरीसुद्धा नाही. मामंजींनाही आणा, मुकादमाची आईही तिथेच बसणार आहे, त्यांना ऐकणारं कोणीतरी हवंय, त्या एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगतात, मामंजींना सवय आहे.

ता. क. शेवटचा. टिटवी तुमच्याकडे सुखात राहील हे मला माहीत आहे. तीच तर भीती वाटते. परत आणाल तेव्हा ती मला ओळखणार नाही आणि मी कोणत्या तोंडाने सांगू की मी कोण, एकदा समितीपुढे 'मूल नाही' म्हणून बसलेय. तेव्हा रविवारी या, नक्की या. येताना मोठी पिशवी आणा. तिचे कपडे न्यायला नको, तुमचे ठेवायला आणा.